ड्रॅक्युला: पडद्यावर मीना कुठे हरवते?

रोजनिशी

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली आली आणि गेली शंभर वर्षं तिच्यावर सिनेमे निघतायत. त्याच गोष्टीवरचा रॉबर्ट एगर्सचा २०२४चा 'नोस्फेराटू' पाहिला, आवडलाही. पण एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. कादंबरीतली मीना हार्कर पडद्यावर कुणीच का आणत नाही?

पुढे भरपूर रसभंग आहे, आधीच सांगते.

हे पुस्तक सबंध कागदपत्रांचं आहे. मीनाचा नवरा जोनाथन याची लघुलिपीतली रोजनिशी, मीना आणि तिची मैत्रीण लूसी यांची पत्रं, वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख डॉ. सेवर्ड याने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेली टिपणं, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं. प्रत्येकाच्या हातात गोष्टीचा एकेक तुकडा आणि पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही. ते जुळवते मीना. सेवर्डने महिनोन्‌महिने नळकांडी भरलीत, पण त्यातला हवा तो भाग शोधायचा कसा हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. मीना ती सगळी ऐकते, टाइपरायटरवर उतरवते, एका वेळी तीन प्रती काढते, तारीखवार लावते. तेव्हा कुठे पुरुष मंडळींना कळतं की आपली गाठ कुणाशी पडली आहे.

आणि मग ते काय करतात? हे काम बाईमाणसाचं नाही म्हणून तिला बाजूला बसवतात. ज्या रात्री तिला मागे ठेवून ते ड्रॅक्युला दिवसा झोपतो त्या मातीच्या पेट्या शोधायला जातात, त्याच रात्री तो तिच्या उशाशी येतो. पुढे तो सेवर्डच्या अभ्यासिकेत शिरून हस्तलिखित जाळतो, नळकांडी आगीत टाकतो. तिजोरीत दुसरी प्रत असते म्हणून निभावतं. धोका कुठे आहे हे त्यालासुद्धा बरोबर कळलं होतं! शेवटी तो कुठल्या नदीने पळतोय हेही मीनाच तर्काने काढते. रेल्वेची वेळापत्रकं तर तिला तोंडपाठ असतात.

सिनेमात मात्र ती एकतर बळी, नाहीतर प्रेयसी. तुम्हाला कुठलं रूपांतर आवडतं? आणि मुळाशी इमान राखणं किती गरजेचं वाटतं?

लिंबूटिंबू

पहिला नंबर! कादंबरीत सगळेच रोजनिशी लिहितात, एकट्या काउंट ड्रॅक्युलाला कुणी वही दिली नाही. चिडणारच ना तो.

घाटमाथा

ताई, तुमचं वाचन दांडगं आहे, पण असहमत. बाई टाइप करतेय आणि चार पुरुष तिने टाइप केलेलं वाचतायत, हे पडद्यावर किती वेळ बघणार? सिनेमाला चेहरा लागतो. कादंबरीत काउंट पहिल्या चार प्रकरणांत मनसोक्त दिसतो आणि नंतर जवळजवळ गायबच. इकडे एक वटवाघूळ, तिकडे धुकं, मध्येच लंडनच्या रस्त्यात ओझरता. वाचताना ही गैरहजेरी अंगावर येते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला ड्रॅक्युला बघायचा असतो हो.

फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने १९९२च्या 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला'त तुमचे कागद बऱ्यापैकी घेतलेत. मीनाचा टाइपरायटर आहे, सेवर्डचा फोनोग्राफ आहे, प्रवासाच्या दृश्यात रोजनिशीचं पान आणि त्यावरून धावणारी आगगाडी आहे. शिवाय संगणकाच्या करामती टाळून बहुतेक सगळं जुन्या पद्धतीने कॅमेऱ्यातच केलंय: दुहेरी छायाचित्रण, छोट्या प्रतिकृती, उलटी फिरवलेली फिल्म. स्टोकरच्या काळात सिनेमा नुकता जन्मला होता, त्याच काळाची हत्यारं वापरायची हा हट्ट मला फार भावतो. वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनिसंकलन अशी ३ ऑस्कर मिळाली, ती उगाच नव्हेत.

रोजनिशी

@घाटमाथा, कागद चाळत, साक्षी जुळवत सत्य शोधणाऱ्या पत्रकारांवर आणि वकिलांवर उत्तम थरारपट झालेत की. तिथे आपण श्वास रोखून बघतोच. इथे तर ज्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा तो रात्री खिडकीतून आत येतो!

आणि कोपोलाच्या सिनेमाच्या नावातच स्टोकर आहे, म्हणूनच जास्त राग येतो. मागच्या जन्मीची राणी, शतकांपार वाट पाहणारा प्रियकर, यातलं काहीही स्टोकरने लिहिलेलं नाही.

पिंपळपान

+१. ते पूर्वजन्मीचं प्रेम कोपोलाचंही नव्हे. डॅन कर्टिसने जॅक पॅलन्सला घेऊन टीव्हीसाठी केलेल्या १९७४च्या 'ड्रॅक्युला'त लूसी ही काउंटच्या मेलेल्या बायकोसारखी दिसते. पटकथा रिचर्ड मॅथेसनची. तिथून ती कल्पना चिकटली ती चिकटलीच.

अनामिक_नाशिककर

आपल्याकडच्या सिनेमांत पुनर्जन्म इतका पाहिलाय की १९९२चा बघताना मला अगदी घरचं कार्य वाटलं होतं.

तिसरी_घंटा

मीना कुठे हरवली याचं उत्तर माझ्या मते सिनेमात नाही, नाटकात आहे.

हॅमिल्टन डीन नावाच्या नट-व्यवस्थापकाने स्टोकरच्या पत्नीची रीतसर परवानगी घेऊन १९२४ साली डर्बीत 'ड्रॅक्युला' रंगमंचावर आणलं. फिरती नाटक कंपनी, म्हणजे नेपथ्य कमी आणि माणसं ठरलेली. ट्रान्सिल्व्हेनियाचा किल्ला गेला, जहाज गेलं, पाठलाग गेला. उरला इंग्लंडातला दिवाणखाना. कंपनीतल्या नट्यांना भूमिका हव्यात म्हणून क्विन्सी मॉरिस या टेक्सासच्या गड्याची चक्क बाई केली! आणि दिवाणखान्यात वावरायचं म्हणून काउंटला संध्याकाळचा उंची पोशाख आला. तो मागून उंच कॉलर असलेला झगाही तिथलाच. त्या कॉलरमागे डोकं लपवून नट झग्यातून निसटायचा, खालच्या झडपेतून उतरायचा आणि प्रेक्षकांना वाटायचं काउंट हवेत विरला. आज शाळेच्या वेशभूषा स्पर्धेतही पोरं ती कॉलर लावतात, ती त्या झडपेपायी.

१९२७ साली जॉन बाल्डरस्टनने ते ब्रॉडवेसाठी नव्याने लिहिलं. त्यात तर मीना पडदा उघडायच्या आधीच मेलेली आहे आणि नायिका आहे डॉ. सेवर्डची मुलगी लूसी. त्या नाटकात काउंट होता बेला लुगोसी. १९३१चा युनिव्हर्सलचा बोलपट याच नाटकावरून निघाला. तिथे मीना परत येते खरी, पण सेवर्डची मुलगी म्हणून आणि घाबरून सोफ्यावर बसण्यापुरती. १९७९चा फ्रँक लँजेलाचा सिनेमाही ब्रॉडवेच्या पुनरुज्जीवनातून आला. त्यात मीना ही पिशाच्चांचा जाणकार प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग याची मुलगी होते आणि लवकर मरते. या सगळ्यांनी कादंबरी उघडण्याआधी नाटकाची संहिता उघडली. दिवाणखान्यात टाइपरायटरला जागा नव्हती, संपला विषय.

लिंबूटिंबू

@तिसरी_घंटा दंडवत! वाचनखूण साठवली.

जुनी_रीळ

तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद फारच मोलाचा. त्याला जोड देतो, कारण दुसरं एक घराणं आहे जे नाटकाच्या आधीचं आहे आणि नाटकाला कधी शिवलंच नाही.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा मूळ 'नोस्फेराटू', बर्लिन, मार्च १९२२. पटकथा हेन्रिक गालीन, निर्मितीमागचं डोकं अल्बिन ग्राऊ. ड्रॅक्युलाचा झाला काउंट ऑर्लोक, जोनाथनचा हुटर, मीनाची एलेन, लंडनचं झालं विस्बोर्ग. आता बघा, हुटर प्रवासातून रक्तपिशाच्चांवरचं एक पुस्तक घरी आणतो आणि बायकोला बजावतो की हे वाचू नकोस. ती वाचते. ऑर्लोकला संपवायचा मार्ग तिला त्या पुस्तकातून कळतो आणि निर्णय ती एकटी घेते. बाकी पुरुष, प्राध्यापक धरून, काही कामाचे नाहीत. रोजनिशी ताई, तुमची वाचणारी मीना इथे आहे!

वर्नर हर्झोगने १९७९ साली 'नोस्फेराटू' पुन्हा केला, त्यात तोच धागा आणखी ताणला. इझाबेल अजानीची लूसी (इथे जोनाथनची बायको लूसी आहे) गावभर सांगत फिरते, कुणी ऐकत नाही, व्हॅन हेल्सिंगचा तर असल्या गोष्टींवर विश्वासच नाही. क्लाउस किन्स्कीचा काउंट इतका थकलेला आहे की जगण्याचाच त्याला वीट आलाय.

आणखी एक. १९२२च्या सिनेमातली रात्रीची दृश्यं दिवसाच चित्रित केली होती आणि प्रतीवर निळा रंग चढवला होता. वर्षानुवर्षं लोकांनी रंग न चढवलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रती पाहिल्या, त्यात ऑर्लोक भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून चाललेला दिसतो. पाहायचा तर मुर्नाऊ प्रतिष्ठानने जीर्णोद्धार केलेली रंगीत छटांची प्रतच पाहा.

अनामिक_नाशिककर

पण उन्हाने तर तो मरतो ना?

जुनी_रीळ

कादंबरीत नाही. तिथे काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त शक्ती कमी असते. उन्हाने मरणं ही १९२२च्या सिनेमाची भर. पुढे हॅमर या ब्रिटिश निर्मिती संस्थेच्या १९५८च्या रंगीत सिनेमात पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग पडदा फाडून ऊन आत आणतो आणि ख्रिस्तोफर लीच्या काउंटची राख होते. तेव्हापासून जगाला तोच नियम वाटू लागला.

कादंबरीत सूर्यास्ताच्या क्षणी दोन सुऱ्यांनी मारतात. क्विन्सीचा बोवी सुरा छातीत आणि जोनाथनची कुकरी गळ्यावर. हो, आपल्या गुरखा पलटणींची कुकरी!

वकिली_बाणा

नोस्फेराटूच्या नशिबी पुढे काय आलं ते राहिलं. नावं बदलली, पण श्रेयनामावलीत 'स्टोकरच्या कादंबरीवरून' असं स्वच्छ लिहिलं होतं आणि हक्क घेतले नव्हते. स्टोकर १९१२ साली गेले होते, पत्नी फ्लॉरेन्सचं घर पुस्तकाच्या मानधनावर चालायचं. त्यांनी ब्रिटनच्या लेखक संघटनेच्या मदतीने जर्मनीत दावा लावला. प्राना फिल्म ही निर्मिती संस्था दिवाळखोरीत गेली, पैसे मिळायची आशा संपली, तेव्हा त्यांनी सगळ्या प्रती नष्ट करायची मागणी केली आणि १९२५ साली न्यायालयाने ती मान्य केली. तोवर काही प्रती परदेशी गेल्या होत्या, म्हणून आज सिनेमा आहे.

लोक फ्लॉरेन्सबाईंना कलेची शत्रू म्हणतात ते मला पटत नाही. विधवा बाईने आपल्या हक्काचं मागितलं. तो नाश झाला असता तर नुकसान जगाचं होतं, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि याच बाईंनी डीनला परवानगी दिली म्हणून नाटक झालं, लुगोसी झाला. एका विधवेच्या दोन निर्णयांतून दोन्ही घराण्यांचं भवितव्य ठरलं.

बर्लिनवासी

ऑर्लोक विस्बोर्गमध्ये जे ओसाड घर विकत घेतो, ती ल्यूबेकची जुनी मिठाची गोदामं आहेत. नदीकाठी लाल विटांची, टोकदार छपरांची, अजून जशीच्या तशी उभी आहेत. विस्मारचं बंदर आणि चौकही ओळखू येतो. किल्ला स्लोव्हाकियातला ओराव्हाचा. स्टुडिओत खोटी गावं उभारायचा तो काळ, तेव्हा हा माणूस कॅमेरा घेऊन खऱ्या गावात गेला. भीती खऱ्या भिंतीवर पडलेल्या सावलीची वाटते ती त्यामुळेच.

पिंपळपान

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. नोस्फेराटूत ऑर्लोक जहाजातून उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. कादंबरीत उंदीर आहेत, प्लेग नाही. पहिलं महायुद्ध आणि १९१८ची साथ नुकतीच सोसलेल्या जर्मनीत ते सुचलं. एगर्सनेही प्लेग ठेवलाय आणि रस्त्यावरची प्रेतं बघवत नाहीत.

मला मात्र कादंबरीचंच साल बघून शहारा आला. पुस्तक प्रसिद्ध झालं मे १८९७मध्ये. मुंबईत प्लेग शिरला १८९६ साली, बंदरातून. पुण्यात घरं फोडून तपासण्या चालल्या होत्या आणि २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली गेली. तिकडे लंडनला लोक कल्पनेतल्या परक्या जहाजाची भीती चवीने वाचत होते, इकडे आपल्या लोकांच्या घरात ती भीती सदेह उभी होती. एलेनच्या गावातली दारावरची फुल्यांची खूण बघताना मला पणजीच्या तोंडच्या गोष्टी आठवल्या.

रोजनिशी

@पिंपळपान, हे वाचून थांबले थोडा वेळ. फार छान लिहिलंत.

@जुनी_रीळ, एलेनचा मुद्दा मान्य, मनापासून मान्य. पण एक फरक राहतोच. एलेन वाचते आणि मरते. १९२२तही आणि २०२४तही काउंटला पहाटेपर्यंत रोखण्यासाठी तिला स्वतःचा जीव द्यावा लागतो. कादंबरीतली मीना जगते. तिला मुलगा होतो, त्याचं नाव क्विन्सी ठेवतात, आणि सात वर्षांनी सगळे मिळून तो कागदांचा गठ्ठा पुन्हा बघतात. बुद्धी चालवणारी बाई शेवटी जिवंत राहते, हे १८९७ साली एका पुरुषाने लिहिलं. मग आजच्या दिग्दर्शकांना तिचं बलिदानच का हवं असतं?

घाटमाथा

एगर्सवर अन्याय होतोय. त्याच्या एलेनला डॉक्टर ईथर देतात, पलंगाला बांधतात, झोपतानाही कॉर्सेट घालायला लावतात. तिचं खरं आहे हे एकट्या विलेम डफोच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाला कळतं. मीनाला बाजूला बसवणारे तेच पुरुष आहेत हे, फक्त इथे त्यांचा दोष दिग्दर्शकाने उघडा केलाय. कादंबरीत तर मीनाही त्यांचा निर्णय मुकाट मान्य करते.

आणि एगर्सच्या काउंटची मिशी! सगळे तिला हसले. अहो, कादंबरीत काउंटला घनदाट मिशी आहेच. तो म्हातारा असतो, रक्त पिऊन तरुण होत जातो. लुगोसीच्या तुळतुळीत चेहऱ्याची आपल्याला सवय झालीय इतकंच. काउंट झालेल्या बिल स्कार्सगार्डला बोलायलाही नामशेष झालेली डेशियन भाषा नव्याने जुळवून दिलीय. इतकी मेहनत घेणारा माणूस आहे तो.

धारपप्रेमी

इतके प्रतिसाद झाले आणि नारायण धारपांचं नाव नाही?

'लुचाई' आठवा. स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' (१९७५) धारपांनी मराठी मातीत आणली. किंगने ड्रॅक्युलालाच आजच्या अमेरिकन गावात उतरवलं होतं. म्हणजे व्हिक्टोरियन लंडन, तिथून मेन राज्यातलं खेडं, तिथून आपल्याकडे असा त्या रक्तपिशाच्चाचा प्रवास. धारपांकडे सगळं शांत सुरू होतं, ओळखीची माणसं एकेक करून बदलत जातात आणि वाचणाऱ्याच्या हे शेजाऱ्यांआधी लक्षात येतं. दिवाणखाना नाही, झगा नाही. रूपांतर करावं तर असं.

सिनेमाचं विचाराल तर 'सालेम्स लॉट'ची गंमतच झाली. कादंबरीतला रक्तपिशाच्च बार्लो माणसासारखा दिसतो, चांगला पल्लेदार बोलतो. टोब हूपरच्या १९७९च्या मालिकेत त्याला टकला, निळसर, मुका करून टाकला, थेट १९२२चा ऑर्लोक! कादंबरीवर निष्ठा नाही, जुन्या सिनेमावर निष्ठा. तरी खिडकीबाहेर धुक्यात तरंगत काच खरवडणारा तो पोरगा आजही झोप उडवतो.

कोकणकडा

धारपप्रेमी, हात मिळवा.

मराठीत थेट ड्रॅक्युला करायचा तर अडचण माझ्या मते वेगळीच आहे. आमच्याकडे वेताळ गावाचा राखणदार. कोकणात, गोव्यात त्याची देवळं आहेत, रात्री गावाची शीव फिरतो म्हणून त्याला चपला वाहतात, कारण चालून चालून झिजतात. रात्री हिंडणारा शक्तिमान पुरुष म्हटला की गावाला आधार वाटतो. त्यामुळे भीती बाहेरून आलेल्या परक्यातच ठेवावी लागेल. क्रूस आणि पवित्र पाण्याचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. लाहोरच्या 'जिंदा लाश'ने (१९६७) तो छान सोडवला: तिथे काउंटच्या जागी अमरत्वाचं रसायन शोधणारा प्राध्यापक आहे. वर गाणीही आहेत. १९५३च्या तुर्की 'ड्राकुला इस्तंबूलमध्ये'त क्रूस नाहीच, लसणावर भागवलंय.

लिंबूटिंबू

लसणावर भागणार असेल तर तो घाटावर पाय ठेवणार नाही. दर घरात खलबत्त्यात चटणी.

तिसरी_घंटा

रोजनिशी ताई, इमान राखलेलं हवं असेल तर बीबीसीचा १९७७चा 'काउंट ड्रॅक्युला' बघा, लुई जूर्दाँ आणि जूडी बोकर. मीना-लूसीला बहिणी केलंय, क्विन्सी आणि लूसीचा वाग्दत्त वर होमवुड यांचा मिळून एकच माणूस केलाय, पण कथेचा क्रम, व्हिटबीचं बंदरगाव, शेवटचा पाठलाग, बरंच जागेवर आहे. मीनाला डोकं आहे. टीव्हीला वेळ मिळतो, तो कामी आला. नवीन कुणी करणार असेल तर सहा-आठ भागांची मालिकाच करावी, प्रत्येक भाग एकाच्या रोजनिशीतून.

जुनी_रीळ

२०२३मध्ये तर ड्रॅक्युलाला इंग्लंडात आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाच्या नोंदवहीच्या एकाच प्रकरणावर 'द लास्ट व्हॉयेज ऑफ द डिमीटर' हा पूर्ण सिनेमा केला. कल्पना ऐकून मी खूश झालो होतो, पण पुस्तकात ते प्रकरण भिववतं ते कप्तानाला काय चाललंय ते कळत नाही म्हणून. एकेक खलाशी नाहीसा होतो आणि नोंदी आखडत जातात. सिनेमाने राक्षस सारखा समोर आणला. कागदांचा जोर तिथेच निसटला.

माझ्या मते कागदांतून गोष्ट सांगणं एकदाच पूर्ण साधलं, आणि तेही पडद्याबाहेर. ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरने रेडिओवर नाट्यरूपांतरं सुरू केली, त्यातलं पहिलंच होतं ड्रॅक्युला, ११ जुलै १९३८. सेवर्ड आणि काउंट दोन्ही आवाज वेल्सचे, मीना ॲग्नेस मूरहेड. तासाभरात रोजनिशी, पत्र, तार, नोंदवही असंच सगळं पुढे जातं. माणसं आपापले कागद वाचतात, तुम्ही अंधारात ऐकता आणि जुळवायचं काम तुमच्याकडे येतं. ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. रोजनिशी ताई, आधी ते ऐका, मग तिसरी_घंटा म्हणतात ती मालिका कशी लिहायची यावर बोलू. पहिला भाग मीनाच्या आवाजात सुरू करावा की जोनाथनच्या, यावर माझं मत तयार आहे: मीनाच्या.